लाकूड कापायच्या मशीनबरोबर अर्ध्या तासाची शिकवणीही द्यावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वळवाच्या वादळी पावसात झाडे आडवी पडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाळ्यासाठी लाकडांची बेगमी करण्याची घाई सुरू असते. खानापूर, बेळगाव आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यातील खेड्यांत पूर्वी या कामाला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत असे. आता जवळजवळ प्रत्येक गावात कोणाकडे तरी पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, म्हणजे आपल्याकडच्या रोजच्या बोलण्यातले कटर मशीन, असतेच. हे यंत्र मिक्सर विकावा तसे खोक्यातून काढून गिऱ्हाइकाच्या हातात दिले जाते, वॉरंटीच्या कागदावर शिक्का पडतो आणि ते चालवायचे कसे हे घेणाऱ्याने चुलतभावाकडून किंवा मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून शिकायचे असते. ही पद्धत बदलावी यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे शेती अवजारे आणि छोटी इंजिने दुरुस्त करण्याचे दुकान आहे. फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रे यांच्या जोडीला आता चेनसॉही येतात, आणि मशीन टेबलावर घेतले की ते कसे वापरले गेले आहे हे मालकाने न सांगताही कळते. बहुतेकांची तक्रार एकच असते, की इंजिनाला ताकद राहिली नाही. उघडून पाहावे तर इंजिन ठणठणीत असते आणि चेन बोथट झालेली असते. चेनला धार आहे की नाही हे ओळखायला कोणत्याही उपकरणाची गरज नाही. कापताना खाली पडणाऱ्या भुशाकडे पाहिले तरी पुरते. धार असलेली चेन जाडसर ढलप्या टाकते, बोथट चेन पिठासारखा बारीक भुसा टाकते आणि लाकडातून धूर येऊ लागतो.

चेनच्या प्रत्येक दाताला वर आणि बाजूला अशा दोन धारा असतात, आणि दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दाताने एका वेळी किती जाड ढलपी उचलायची हे तो उंचवटा ठरवतो. दाताचा हा आकार अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६-४७ च्या सुमारास लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे न्याहाळून घडवला. ती अळी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत पुढे सरकते, म्हणून आजच्या चेनवरही एक दात डावा आणि एक उजवा असतो. हे सांगण्याचे कारण एवढेच, की डाव्या बाजूच्या दातांना कमी आणि उजव्या बाजूच्या दातांना जास्त धार लागली तर मशीन सरळ कापत नाही, ते एका अंगाला वळत जाते, आणि मग बार, म्हणजे चेन ज्यावरून फिरते ती लांब पट्टी, वाकडा झाला असे समजून लोक नवा बार विकत घेतात.

धार लावायला गोल कानस लागते आणि ती चेनच्या मापाचीच हवी. छोट्या मशीनवरच्या बारीक चेनला साधारण ४ मिलिमीटरची, तर ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचे माप) चेनला ४.८ मिलिमीटरची कानस चालते. बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन लागतो आणि तो कोन दाखवणारी रेघ दातावरच कोरलेली असते. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची, परत आणताना उचलून घ्यायची आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी दोन-तीन हात मारण्याची सवय लावली तर चेन कधी पुरती बोथट होतच नाही. पुढचा उंचवटा धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. तो जास्त घासला तर प्रत्येक दात मोठा घास घेऊ पाहतो, मशीन हिसके देते आणि उलटे उसळण्याचा धोका वाढतो. काही जण वेल्डिंगच्या दुकानात नेऊन मोठ्या ग्राइंडरवर धार लावून घेतात. तिथे दात तापून निळा पडतो आणि धारेचे पाणी उतरते, त्यामुळे अशी चेन दुसऱ्याच झाडाला बोथट होते.

बोथट चेनचा प्रश्न केवळ वेळ आणि पेट्रोल वाया जाण्याचा नाही. धार असलेले मशीन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते, चालवणाऱ्याने फक्त ते सांभाळायचे असते. धार नसेल तर माणूस अंगाचा भार देऊन दाबतो, हात थकतात, आणि ओंडका एकदम तुटला की दाबलेले मशीन त्याच जोराने खाली, गुडघ्याकडे किंवा नडगीकडे येते. आपल्या भागात चेन बोथट होण्याचे एक खास कारण म्हणजे खिळे आणि तार. बांधावरच्या जुन्या आंब्या-फणसाला कुंपणाची काटेरी तार मारलेली असते, रस्त्याकडेच्या वडाला जाहिरातींचे फलक ठोकलेले असतात, आणि वर्षानुवर्षे खोड वाढत जाऊन ते लोखंड आत गडप होते. खोडावर काळपट डाग किंवा फुगवटा दिसला तर कापण्याची जागा वर-खाली सरकवलेली बरी.

आता ब्रेकविषयी. पुढच्या हँडलसमोर जे उभे हँडगार्ड असते ते हाताला फांदी लागू नये म्हणून बसवले आहे अशी अनेकांची समजूत असते, म्हणून अडचण होते असे वाटले की ते काढून टाकले जाते. ते चेन ब्रेकचा दांडा आहे. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला किंवा आड आलेल्या फांदीला लागला तर चेनचा सगळा जोर उलटा फिरतो आणि बार वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे उसळतो. चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळत असते, त्यामुळे पापणी लवायच्या आत हे होऊन जाते आणि हात मागे घेण्याची संधी मिळत नाही. अशा वेळी डाव्या मनगटाच्या धक्क्याने किंवा झटक्याच्या जोराने हँडगार्ड पुढे पडते आणि आतला पोलादी पट्टा क्लचचा ड्रम आवळून चेन जागच्या जागी थांबवतो. ही सोय १९७० च्या दशकात आली आणि तिने किती जणांचे चेहरे वाचवले असतील याची गणती नाही. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत मात्र फणसाचा चीक आणि भुसा यांचा लगदा त्या पट्ट्यावर इतका घट्ट बसलेला असतो, की स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावा लागतो. असा ब्रेक असून नसल्यासारखाच.

ब्रेक तपासायला अर्धा मिनिट पुरतो. मशीन सपाट जमिनीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून क्षणभर पूर्ण रेस द्यायची आणि हँडल न सोडता डाव्या मनगटाने हँडगार्ड पुढे ढकलायचे. चेन तत्काळ थांबली पाहिजे, आणि लगेच रेस सोडली पाहिजे, कारण ब्रेक लागलेला असताना रेस देत राहिले तर क्लच जळतो. चेन रेंगाळत थांबत असेल तर त्या दिवशी ते मशीन कामाला काढू नये. त्याचप्रमाणे रेस सोडल्यावरही चेन हळूहळू फिरत राहत असेल तर आयडलिंगचा स्क्रू बसवून घेतल्याशिवाय मशीन हातात धरू नये.

पेट्रोल आणि ऑइलबाबत थोडक्यात. या इंजिनाला टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे, ऑइल मिसळलेलेच पेट्रोल लागते. चांगल्या प्रतीच्या ऑइलसाठी बहुतेक कंपन्या ५० ला १ हे प्रमाण सांगतात, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. साध्या ऑइलसाठी २५ ला १, म्हणजे ४० मिलिलिटर. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत जे असेल तेच पाळावे. घाईत नुसते पेट्रोल घातले की पिस्टन जाम होतो आणि मग दुरुस्तीपेक्षा नवे मशीन बरे, अशी अवस्था येते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल ओढून घेते, म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि पावसाळाभर मशीन ठेवून द्यायचे असेल तर टाकी रिकामी करावी. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते. तिच्यात ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल ओतण्याची जी पद्धत पडली आहे ती सोडून द्यावी, कारण त्यातील धातूचे कण पंप आणि बार दोन्ही खातात आणि तेच ऑइल उडून अंगावर येते. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये, आणि जिथे पेट्रोल भरले तिथून किमान तीन मीटर दूर जाऊन मशीन सुरू करावे. उन्हाळ्यात पालापाचोळा वाळलेला असताना तर याची फार गरज आहे.

मशीन सुरू करताना एका हाताने ते हवेत झुलवत दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची जी ऐट दिसते ती धोक्याची आहे. ब्रेक लावून, मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये उजव्या पायाचा बूट अडकवून दोरी ओढावी. कापताना दोन्ही हात हँडलवर हवेत, डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून वळसा घालून घट्ट पकडलेला हवा आणि शरीर बारच्या रेषेत न ठेवता डाव्या बाजूला ठेवावे. खांद्याच्या वर मशीन नेऊ नये आणि शिडीवर चढून तर मुळीच कापू नये. कळकाच्या बेटात हे मशीन घालण्यापेक्षा कोयता बरा, कारण पोकळ कळकाचे लांब धागे चेनमध्ये अडकतात आणि फुटलेल्या चिरफळ्या अंगावर येतात.

उभे झाड पाडताना सगळ्यात मोठी चूक होते ती एकाच बाजूने आरपार कापण्याची. झाड ज्या दिशेला पाडायचे त्या दिशेला खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खाच आधी घ्यावी. मग पाठीमागून, खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर कापत यावे आणि मध्ये खोडाच्या जाडीचा साधारण दहावा हिस्सा न कापता ठेवावा. चाळीस सेंटिमीटरच्या खोडाला सुमारे चार सेंटिमीटर. ही न कापलेली पट्टी बिजागरीचे काम करते आणि झाड ठरलेल्या दिशेला नेते. ती कापून टाकली तर झाड कुठे जाईल हे झाडच ठरवते. मागच्या कापात प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोकावी म्हणजे बार अडकत नाही. लोखंडी पाचर नको, चेन लागली तर दोन्हींचे नुकसान आहे. पळण्याची वाट कापण्यापूर्वीच साफ करून ठेवावी आणि ती झाडाच्या सरळ पाठीमागे नसावी, तिरकी मागे असावी, कारण पडताना खोडाचा बुंधा मागे सरकू शकतो. पुढच्या बाजूला बराच कललेला माड किंवा निलगिरी असेल तर आणखी सावध राहावे. अशा खोडावर आधीच ताण असतो आणि मागून कापताना ते मध्येच उभे चिरून वर उसळते. हे काम शिकलेल्या माणसानेच करावे.

आपल्याकडे झाड पाडताना निम्मा गाव जमतो. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कापणारा आणि त्याचा मदतनीस सोडून कोणी असू नये. शेंड्याला दोर बांधून चार-सहा जण झाड पडण्याच्या दिशेलाच उभे राहून ओढतात, किंवा तोकडा दोर लावून ट्रॅक्टर जोडतात आणि चालकाला झाडाच्या फांद्यांखालीच बसवतात. दोर झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट असावा, हा नियम पाळला तरी बरेच अपघात टळतील.

वादळात पडलेल्या झाडाचा धोका उभ्या झाडापेक्षा जास्त असतो आणि लोक तिथे अधिक निर्धास्त असतात. मे-जूनमध्ये जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर किंवा बेळगावच्या कॅम्प भागात जुने झाड आडवे होते आणि वाहतूक खोळंबते. मागे वाहनांची रांग आणि हॉर्न सुरू असतात आणि कापणारा दडपणाखाली येतो. अशा खोडावर ताण कुठे आहे हे पाहिल्याशिवाय चेन लावू नये. दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडाच्या वरच्या अंगावर दाब आणि खालच्या अंगावर ताण असतो. अशा वेळी आधी वरून साधारण तिसरा हिस्सा कापून मग खालून वर कापत यावे, नाही तर बार चिमट्यात सापडतो. एक टोक अधांतरी असेल तर उलट करावे, आधी खालून थोडे आणि मग वरून. खालच्या वाकलेल्या फांद्या सुटताना फटका देतात, म्हणून त्यांच्या ताणाच्या बाजूला उभे राहू नये. झाड मुळासकट उपटले असेल तर मुळांची आणि मातीची ती मोठी थाळी पाहून घ्यावी. खोड कापताच ती वजनाने पुन्हा खड्ड्यात बसते आणि तिच्या मागे उभा असलेला माणूस तिच्याखाली जातो. मुले तिथे मातीत खेळत असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

झाडाखाली विजेची तार असेल तर मशीन सुरूच करू नये. तार तुटलेली दिसली, गावात वीज गेलेली असली, तरी ती मेलेली आहे असे समजू नये, कारण कोणाच्या तरी घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा प्रवाह देऊ शकतो. वीज कंपनीच्या १९१२ या फोन क्रमांकावर कळवावे, लाइनमनने प्रवाह बंद करून तार बाजूला केल्यानंतरच कामाला हात घालावा. रस्ता तासभर उशिरा मोकळा झाला तरी चालेल.

अंगावरच्या साधनांविषयी मला सर्वाधिक आग्रह धरायचा आहे. आपल्याकडे हे काम लुंगी, चप्पल आणि गळ्यात टॉवेल अशा वेशात होते, आणि लोंबणारा टॉवेल तर चेनमध्येच जातो. चेनसॉसाठी खास विजार मिळते. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात, आणि चेन लागताच ते धागे बाहेर ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या चाकावर गुंडाळले जातात आणि चेन अडकून थांबते. या विजारींची आयएसओ ११३९३ या मानकानुसार चाचणी होते आणि चेनच्या वेगाप्रमाणे त्यांचे वर्ग ठरतात. पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर वेगासाठी असतो. उकाड्यात ती नकोशी वाटते हे मान्य आहे, पण म्हणूनच काम सकाळी लवकर उरकावे. जाळीचे झाकण आणि कानपट्ट्या असलेले हेल्मेट, पुढे पोलाद असलेले बूट आणि हातमोजे ही बाकीची साधने. कानांकडे तर कोणी पाहतच नाही. हे मशीन कानाशी १०० डेसिबलहून अधिक आवाज करते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालू शकतो आणि दर तीन डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते, असा व्यावसायिक आरोग्यशास्त्राचा रूढ हिशेब आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला उघड्या कानांनी पाव तासच पुरे. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांशी बोलताना आवाज का चढवावा लागतो, ते यातून समजावे. हातांना सततची थरथर बसून थंडीत बोटे पांढरी आणि बधिर पडू लागली तर तेही याच कामाचे दुखणे आहे.

अपघात झालाच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि ते भिजले तरी न काढता त्यावर दुसरे ठेवावे. १०८ ला फोन करावा. भीमगडच्या जंगलपट्टीतल्या गावांना बेळगावच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत येण्यात बराच वेळ जातो आणि मोबाइलला रेंज असेलच असे नाही, म्हणून एकट्याने कामाला जाऊ नये आणि कोणत्या शिवारात जातो हे घरी सांगून निघावे. याला जोडून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही, सूट दिलेल्या काही जाती सोडल्या तर, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगी न घेता तोड करणारा ती अंधार पडताना आणि घाईत करतो, आणि वर सांगितलेली एकही काळजी त्या घाईत घेता येत नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत. हे यंत्र विकणाऱ्या दुकानदारांनी विक्रीच्या वेळी धार लावणे, ब्रेक तपासणे, मिश्रण करणे आणि मशीन सुरू करणे एवढे तरी प्रत्यक्ष करून दाखवावे, त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. सोबत कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतला एक पानाचा कागद द्यावा, कारण मशीन हातात धरणारा मजूर यांपैकी कोणती लिपी वाचतो ते विक्रेत्याला सांगता येत नाही. दुसरे, ग्रामपंचायती आणि नगरपालिका पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याचा जो ठेका देतात त्यात विजार, हेल्मेट आणि बूट पुरवण्याची अट लिहावी आणि बिल देताना ती पाहावी. हा खर्च मजुराच्या माथी मारला तर तो कधीच होणार नाही, हे उघड आहे. तिसरे, मशीन भाड्याने देणाऱ्यांनी हँडगार्ड नसलेले किंवा ब्रेक न लागणारे यंत्र दारातून बाहेर पडू देऊ नये.

माझ्याकडून जेवढे होईल तेवढे मी करीन. दुपारी जेवणानंतर दुकानात फारशी वर्दळ नसते. त्या वेळी धार लावणे आणि ब्रेक साफ करणे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आपले मशीन घेऊन यावे, त्याचे पैसे घेणार नाही. दुकानाचा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. येताना चेन मात्र रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन आणावी.

आपला विश्वासू,
एक वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव